पाळीतील वेदना, गर्भनलिका आणि वेळेवर उपचार

(बीबी, तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



एका बाजूस जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेड राजा आणि दुसऱ्या बाजूस लोणारचे सरोवर, अशा या भागात बीबी हे गाव वसले आहे. सोयाबीन, तूर आणि कापूस यांवर जगणाऱ्या या परिसरात शेतीचा मोठा भार स्त्रियाच वाहतात. निंदणी असो, वेचणी असो वा सोंगणी असो, त्यांच्या हातांवाचून शिवार उभे राहत नाही. याच शिवारात महिन्यातील दोन-तीन दिवस एखादी लेक वा सून ओटीपोट धरून बांधावर बसलेली दिसते. वडीलधारी बाई म्हणते, ‘बाईच्या जातीला हे चालायचेच.’ आणि तो विषय तेथेच संपतो.

दोन-चार वर्षांनी त्याच सुनेविषयी गावात निराळाच प्रश्न विचारला जाऊ लागतो. लग्नाला इतकी वर्षे झाली, अजून कूस उजवली कशी नाही? पहिल्या तक्रारीकडे ज्यांनी लक्ष दिले नाही, तेच या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडे मागतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असू शकतो, हे मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानी येते. पाळीतील असह्य वेदना ही स्त्रीच्या नशिबाची गोष्ट नसून ती एका रोगाची खूण असू शकते. त्या रोगामुळे गर्भनलिकांना बाध येऊ शकतो. आणि वेळीच योग्य ठिकाणी गेल्यास पुष्कळ नुकसान टळू शकते. आजच्या विवेचनाचा सारांश एवढाच आहे.

गर्भनलिकेचे कार्य

गर्भाशयाच्या दोन्ही अंगांस सुमारे १० ते १२ सेंटिमीटर लांबीची एकेक नळी असते. इटलीतील शरीरशास्त्रज्ञ गॅब्रिएले फॅलोपिओ याने १५६१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिचे वर्णन केले, म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. आपल्याकडे तिला गर्भनलिका किंवा बीजवाहिनी म्हणतात. बोलण्यात मात्र ‘नळी’ वा ‘ट्यूब’ हेच शब्द रूढ आहेत. नळीचे एक टोक गर्भाशयात उघडते. दुसरे टोक झालरीसारखे असून ते बीजकोशाच्या जवळ मोकळे हलत असते. दर महिन्यास बीजकोशातून बाहेर पडणारे स्त्रीबीज ही झालर उचलून घेते. पुरुषबीज दुसऱ्या दिशेने येते आणि दोहोंचे मीलन नळीतच होते. त्यानंतर चार-पाच दिवसांत नळीच गर्भाला हळूहळू गर्भाशयात पोहोचविते.

म्हणजे नळी नुसती उघडी असून भागत नाही. तिला हलता आले पाहिजे, तिच्या झालरीला बीज उचलता आले पाहिजे आणि तिचे आतील अस्तर निरोगी असले पाहिजे. हे ध्यानी घेतल्याशिवाय पुढील भाग नीट कळणार नाही.

रोगाचे स्वरूप

गर्भाशयाच्या आत एक अस्तर असते. ते दर महिन्यास वाढते आणि पाळीच्या वेळी रक्ताबरोबर बाहेर पडते. काही स्त्रियांच्या शरीरात या अस्तरासारखीच पेशीरचना गर्भाशयाच्या बाहेर आढळते. कधी ती बीजकोशावर असते, कधी पोटाच्या आतील पडद्यावर, तर कधी आतड्यावर वा नळ्यांवर. या विकारास एन्डोमेट्रिओसिस म्हणतात. कार्ल फॉन रोकिटान्स्की याने १८६० मध्ये अशा प्रकारच्या विकृतीचे वर्णन केले होते. पुढे जॉन सॅम्पसन या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९२० च्या दशकात त्यास आजचे नाव दिले आणि पाळीचे थोडे रक्त नळ्यांतून उलट पोटात जात असल्यामुळे हा विकार होत असावा, असे मत मांडले. तथापि, असे उलट वाहणे पुष्कळच स्त्रियांत होते आणि रोग मात्र काहींनाच होतो. यास्तव त्याचे संपूर्ण कारण अद्याप उलगडलेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जननक्षम वयाच्या स्त्रिया व मुली यांपैकी सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात सुमारे १९ कोटी जणी या विकाराने ग्रस्त आहेत.

बाहेर वाढलेल्या या पेशींच्या ठिकाणीही महिन्याच्या महिन्यास दाह होतो. जखम भरताना व्रण राहावा, तसे तेथे तंतू तयार होतात आणि शेजारचे अवयव एकमेकांस चिकटतात. नळीला बाध येतो तो बहुधा असा, बाहेरून. ती मागे ओढली जाते, वाकते, बीजकोशास चिकटते; तिची झालर मिटून जाते. पुष्कळदा आतील मार्ग उघडा असूनही बीज उचलण्याचे काम होत नाही. विकार वाढल्यास बाहेरचे टोक बंद होऊन नळीत पाणी साचते व ती फुगते. बीजकोशात जुने रक्त साचून तपकिरी गाठी होतात. त्यांना डॉक्टर ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात.

या रोगाच्या एकतृतीयांश ते निम्म्या स्त्रियांना दिवस राहण्यास अडचण येते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. म्हणजेच अनेक जणींना नैसर्गिकरीत्या मूल होते. हा रोग म्हणजे वंध्यत्वाचा शिक्का नव्हे.

नळ्या बंद होण्याचे हे एकमेव कारण नाही, हेही सांगितले पाहिजे. प्रसूतीनंतरचा वा असुरक्षित गर्भपातानंतरचा जंतुसंसर्ग, लैंगिक मार्गाने होणारे आजार, फुटलेले अपेंडिक्स आणि आपल्या देशात विशेषतः जननेंद्रियांचा क्षयरोग यांमुळेही नळ्यांचे नुकसान होते. हा क्षय कित्येकदा खोकला वा ताप न येता मुकाट्याने काम करतो आणि मूल का होत नाही याची तपासणी करतानाच तो प्रथम उघडकीस येतो. त्याची औषधे राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाखाली विनामूल्य मिळतात.

न सांगितलेले दुखणे

स्त्रिया हे दुखणे सांगत का नाहीत, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी विदर्भाबाहेर जाण्याची गरज नाही. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग वा लैंगिक मार्गाने होणारा एक तरी आजार आढळला. सरासरीने एकेका स्त्रीमागे ३.६ आजार होते. परंतु ज्यांची पूर्वी कधी या दृष्टीने तपासणी झाली होती, अशा स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. त्या पाहणीने जगाच्या आरोग्यविचाराला एक गोष्ट दाखवून दिली. ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे केवळ बाळंतपण व कुटुंबनियोजन, हा समज अपुरा आहे. दवाखान्यात गर्दी नाही, याचा अर्थ गावात आजार नाही असा होत नाही.

पाळीविषयी बोलायचे नाही, हा संस्कार मुलीवर लहानपणापासून होतो. त्यातच ‘लग्न झाले की बरे होईल, मूल झाले की थांबेल’ असे सांगितले जाते. गरोदरपणात काही जणींना तात्पुरता आराम पडतो, हे खरे. परंतु विवाह वा गरोदरपण हा या रोगाचा उपचार नव्हे. दुखणे थांबावे म्हणून मुलीचे लवकर लग्न करून देणे म्हणजे एका संकटावर दुसरे लादणे होय.

कोणती लक्षणे दिसल्यास दुर्लक्ष करू नये, हे सर्वांना माहीत असावे. पाळीच्या वेदनेने शाळा वा मजुरी बुडणे. साध्या गोळीने न थांबणारी कळ. पाळीच्या दिवसांत शौचाला वा लघवीला होताना दुखणे. पती-पत्नीच्या संबंधाच्या वेळी खोलवर वेदना होणे. एरवीही ओटीपोट व कंबर सतत दुखणे. आणि दिवस न राहणे. यांपैकी एखादे लक्षण वारंवार आढळल्यास डॉक्टरांकडे जावे. वेदना किती आहे यावरून रोग किती पसरला आहे हे मात्र ठरत नाही. थोड्या रोगातही असह्य वेदना होतात आणि पुष्कळ पसरलेला रोग क्वचित मुका राहतो.

तपासणीचा योग्य क्रम

गर्भनिरोधनाचे कोणतेही साधन न वापरता बारा महिन्यांत दिवस राहिले नाहीत, तर तपासणी करावी. स्त्रीचे वय ३५ वर्षांहून अधिक असल्यास सहा महिन्यांनंतरच करावी. आणि वर सांगितलेली लक्षणे असल्यास वाट पाहण्याचे कारणच नाही.

पहिली तपासणी पती आणि पत्नी या दोघांचीही व्हावयास हवी. अपत्यहीनतेच्या सुमारे निम्म्या उदाहरणांत पुरुषाकडील कारणाचाही वाटा असतो. वीर्यतपासणी ही अल्प खर्चाची व वेदनारहित तपासणी आहे. असे असूनही अनेक घरांत स्त्रीच्या दोन-तीन शस्त्रक्रिया होतात आणि पुरुष एकदाही प्रयोगशाळेची पायरी चढत नाही. हे अन्यायाचे आहे आणि त्यात पैशाचाही अपव्यय आहे.

स्त्रीच्या बाबतीत डॉक्टर आधी तिची हकीकत विचारतात, तपासतात आणि सोनोग्राफी करून घेतात. चॉकलेट सिस्ट वा पाण्याने फुगलेली नळी सोनोग्राफीत दिसू शकते. लहान ठिपके व पातळ चिकटे पुष्कळदा दिसत नाहीत. यास्तव ‘सोनोग्राफी चांगली आली, म्हणजे काही झालेले नाही’ असे म्हणून वेदना सांगणाऱ्या स्त्रीला परत पाठविणे योग्य नव्हे. युरोपातील तज्ज्ञ संस्थेने २०२२ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार केवळ निदानासाठी प्रत्येकीची शस्त्रक्रिया करण्याची आवश्यकता राहिलेली नाही. लक्षणांवरून व सोनोग्राफी वा एमआरआयवरून औषधोपचार सुरू करता येतो.

नळ्यांची तपासणी पाळी थांबल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत करतात. गर्भाशयात औषध सोडून क्ष-किरण चित्र घेतले जाते. यात नळीचा आतील मार्ग दिसतो. बाहेरचे चिकटे सहसा दिसत नाहीत. शिवाय तपासणीच्या वेळी गर्भाशयाजवळचा भाग आकसल्यामुळे उघडी नळीही क्वचित बंद भासते. म्हणून एका चित्रावरून ‘नळ्या कायमच्या बंद’ असा निकाल लावून घेऊ नये. गरज असेल तेथे दुर्बिणीतून पोटाची तपासणी करून, रंगीत द्रव सोडून नळ्यांची खात्री करतात. आणि त्याच वेळी चिकटे सोडविणे वा रोगट भाग काढणे शक्य होते.

उपचार आणि त्यांची मर्यादा

वेदना कमी करण्यासाठी वेदनाशामक व संप्रेरकांच्या गोळ्या दिल्या जातात. त्यांनी आराम पडतो. पण या संप्रेरकांनी दिवस राहण्याची शक्यता वाढत नाही, उलट ती चालू असेपर्यंत गर्भधारणा सहसा होत नाही. म्हणून स्त्रीला मूल हवे आहे की नाही, हे डॉक्टरांना आरंभीच स्पष्ट सांगितले पाहिजे. सौम्य स्वरूपाच्या रोगात दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेने नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता वाढते. मात्र बीजकोशावर पुनःपुन्हा शस्त्रक्रिया झाल्यास बीजांचा साठा घटतो. यास्तव पहिली शस्त्रक्रिया अनुभवी हातांनी आणि पूर्ण विचारान्ती व्हावी. नळीला इजा झालेल्या स्त्रीस दिवस राहिल्यास गर्भ नळीतच अडकण्याचा धोका अधिक असतो. पाळी चुकल्यानंतर एका बाजूस तीव्र कळ वा घेरी आल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे विलंब प्राणघातक ठरतो.

नळ्या निकामी झालेल्यांसाठी प्रयोगशाळेत बीजांचे मीलन घडविण्याचा मार्ग आहे. हा मार्ग मुळात निघाला तोच नळ्या बंद असलेल्या स्त्रीसाठी. इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ रोजी या पद्धतीने जन्मलेल्या जगातील पहिल्या बालिकेच्या मातेच्या नळ्या बंद होत्या. त्याच वर्षी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांनी असा प्रयोग केला. त्यांच्या कार्याची थोरवी पुढे उशिराने मान्य झाली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजननविषयक संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी एका बालिकेचा जन्म झाला. सार्वजनिक रुग्णालयात घडलेली ही घटना महाराष्ट्राला भूषणावह होय. परळची तीच संस्था आज राष्ट्रीय संस्था असून एन्डोमेट्रिओसिसवरही तेथे संशोधन चालते.

या उपचाराविषयी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नळीत पाणी साचलेले असल्यास त्याचे यश जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून आधी ती नळी काढावी वा बांधावी लागते. दुसरे असे की, सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (विनियमन) अधिनियम, २०२१ नुसार अशा प्रत्येक केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे. स्त्रीचे वय २१ ते ५० आणि पुरुषाचे २१ ते ५५ अशी वयोमर्यादाही कायद्याने घातलेली आहे. शेत गहाण ठेवून पैसे भरण्यापूर्वी केंद्राची नोंदणी, एकूण खर्च आणि यशाची खरी शक्यता विचारून घेणे हा प्रत्येक दांपत्याचा हक्क आहे.

पिशवी काढणे हा सरसकट उपाय नव्हे

या विषयात सर्वाधिक सावधगिरी कोठे हवी, हे बीड जिल्ह्याच्या उदाहरणाने दिसले. तेथील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी शासनाने २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली होती. पोटदुखी, अंगावरून जाणे, पाळीचा त्रास अशा तक्रारी घेऊन गेलेली स्त्री गर्भाशय गमावून परत येते आणि पुन्हा कोयता हाती धरते, हे चित्र कोणत्याही समाजास शोभणारे नाही. एन्डोमेट्रिओसिसमध्ये तर रोग गर्भाशयाच्या बाहेर असल्यामुळे नुसती पिशवी काढून वेदना थांबेलच असे नाही. आणि मूल होण्याची वाट मात्र कायमची बंद होते. पिशवी काढण्याचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये. अंगारे, नवस आणि कोणा बाबाची जडीबुटी यांत गेलेली वर्षे परत येत नाहीत, हेही तितकेच खरे.

बीबी परिसरातून कोठे जावे

बीबी येथे ग्रामीण रुग्णालय आहे. पहिली नोंद, रक्ततपासणी आणि पुढे पाठविण्याची चिठ्ठी यांसाठी तेथून आरंभ करावा. पुढील तपासणीसाठी बुलढाणा येथील जिल्हा रुग्णालय व स्त्री रुग्णालय आहे. बुलढाणा आणि जालना या दोन्ही जिल्ह्याच्या ठिकाणी २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. अकोला आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये त्याहून जुनी आहेत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. शस्त्रक्रियेची वेळ आल्यास ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते किंवा नाही, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधीच विचारून घ्यावे.

जाताना पाळीच्या तारखा, वेदना कोणत्या दिवशी व किती, कोणत्या गोळ्या घेतल्या, हे तीन महिने वहीत लिहून न्यावे. जुने सर्व अहवाल एका पिशवीत जपून ठेवावेत. एवढ्यानेही त्याच त्या तपासण्यांचा फेरा वाचतो.

गावाची जबाबदारी

शिक्षकांच्या हाती पहिली खूण येते. एखादी मुलगी दर महिन्यास त्याच सुमारास गैरहजर राहत असेल, तर शिक्षिकेने तिच्याशी एकांतात बोलावे आणि शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास ते कळवावे. किशोरवयीन मुलींसाठी ‘मैत्री’ या नावाने चालणाऱ्या केंद्रांची माहिती प्रत्येक शाळेच्या फलकावर असावी.

ग्रामपंचायत सदस्यांना महिला ग्रामसभेत हा विषय घेता येईल. आशाताई आणि परिचारिका यांना तेथे पाच मिनिटे बोलू दिले, तरी अनेकींना प्रथमच कळेल की आपल्या दुखण्याला नाव आहे. सदस्यांनी आणखी एक गोष्ट निर्भयपणे सांगावी. मूल न होणे हे हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये घटस्फोटाचे कारण म्हणून दिलेले नाही. आणि पहिली पत्नी असता दुसरे लग्न करणे हा त्या कायद्याखाली गुन्हा आहे. हळदीकुंकवाला वा ओटीभरणाला मूल नसलेल्या सुनेस वगळले जाणार नाही, असा पायंडा गावाने स्वतःहून पाडावा. त्यास कोणत्याही अनुदानाची आवश्यकता नाही.

अधिकाऱ्यांनी रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ कोणत्या वारी येतात, याची सूचना गावोगाव पोहोचेल असे पाहावे. मजुरी बुडवून आलेली स्त्री डॉक्टर नाहीत म्हणून परतली, तर ती पुन्हा येईलच याची शाश्वती नसते.

सर्व उपचार करूनही काही दांपत्यांस मूल होत नाही. त्यांच्यासाठी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणामार्फत कायदेशीर दत्तक घेण्याचा मार्ग खुला आहे. महाराष्ट्राला तर या बाबतीत थोर आदर्श लाभला आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना अपत्य नव्हते. दुसऱ्या विवाहाचा आग्रह जोतीरावांनी मानला नाही. एका विधवेच्या मुलास, यशवंतास, त्यांनी दत्तक घेतले. तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंनी रुग्णांची सेवा केली ती त्याच्याच दवाखान्यात. मूल नाही म्हणून त्या घराने एका स्त्रीला दोष दिला नाही.

बीबीच्या शिवारात बांधावर बसलेल्या लेकीला यापुढे ‘हे चालायचेच’ असे ऐकावे लागू नये. ‘किती दिवस दुखते आहे, चल, दाखवून येऊ’ एवढे शब्द घरातील कोणी वेळेवर उच्चारले, तर तिची प्रकृती, तिचा संसार आणि तिचा मान ही तिन्ही वाचण्यास त्यांचा मोठा उपयोग होईल.